खुशाल पाळणा बांधा

गाडी सुरू झाली की फोरमन खिशातला पांढरा रुमाल काढायचे, घडी मोडायचे आणि सायलेन्सरच्या तोंडापासून वीतभर अंतरावर धरायचे. मनातल्या मनात वीस आकडे मोजायचे. मग रुमाल उजेडाकडे धरून गिऱ्हाइकाला दाखवायचे. काळं वर्तुळ उमटलं असेल तर म्हणायचे, "पोट बिघडलंय हिचं."

आडगावच्या पुढं हायवेवर आमचं पिकअप गाड्यांचं शोरूम आणि मागं वर्कशॉपची शेड. मी काउंटरवर जॉबकार्ड भरते. धूर तपासायचं मशीन आमच्याकडं होतं, त्याची पावतीही निघायची. पण पिंपळगावचा द्राक्षवाला काय नि सटाण्याचा कांदेवाला काय, पावती न बघता खिशात कोंबायचा आणि विचारायचा, "फोरमन, रुमाल काय म्हणतो?" मला राग यायचा. एवढं मशीन आणलंय ते काय पूजेला?

असा एखादा माणूस तुम्हीही पाहिला असेल, बँकेत नाहीतर दवाखान्यात. कागदावर सही साहेबाची असते, पण लोक याची मान हलेपर्यंत थांबतात.

बायको त्यांना रोज दोन रुमाल इस्त्री करून द्यायची. काळे झालेले धुताना काय म्हणते, असं मी एकदा विचारलं. "म्हणते, गावच्या गाड्यांचा शेंबूड धुवायला लग्न केलं का मी," ते म्हणाले आणि स्वतःच हसत बसले.

मग नवीन मॉडेल आलं. फोरमननी रुमाल धरला, वीस मोजले, उजेडात बघितला. पांढरा. दुसरा रुमाल काढला, तोही पांढरा. वाकून त्यांनी सायलेन्सरचा वास घेतला. त्यांचा चेहरा असा झाला होता, की वाटावं नातवंड शाळेत पहिलं आलंय. "हिच्यामागं खुशाल पाळणा बांधा," ते म्हणाले.

झालं. ते वाक्य शोरूमवाल्यांनी उचललं. गिऱ्हाईक जरा कचरलं की त्याला मागं शेडमध्ये आणायचे, फोरमन रुमाल धरायचे, वाक्य म्हणायचे. मखमलाबादच्या ताराबाईही अशाच आल्या. त्यांची फुलशेती, रोज पहाटे पंचवटीतल्या फुलबाजारात झेंडू-शेवंती न्यायची. मुलाला गाडी पसंत होती, पण ताराबाईंनी फोरमनकडं बघून विचारलं, "खरं का भाऊ?"

"माझा शब्द," फोरमन म्हणाले.

वर्षभरानं त्या सर्व्हिसिंगला आल्या तेव्हा त्यांना नात झाली होती. कौतुकानं सांगू लागल्या, "तुमच्या शब्दावर पाळणा बांधला बघा भाऊ." खरंच बांधला होता. थंडीत बाजारात लय गारठा, म्हणून मुलगा इंजिन चालू ठेवायचा, तेवढीच ऊब. सूनबाई फुलं विकायला बसायची आणि पोर गाडीच्या मागच्या दांड्याला बांधलेल्या झोळीत झोपायची. फोरमन इतके खूश झाले की आठवडाभर येणाऱ्या-जाणाऱ्याला ही गोष्ट सांगत होते. मीही हसून ऐकली.

त्यानंतर पेपरात बातमी आली. कंपनीवर आरोप होता, की गाडीतल्या कॉम्प्युटरला तपासणी चाललीय हे कळतं. तेवढ्यापुरती गाडी नियमात राहते आणि रस्त्यावर गेली की नको तो वायू भरमसाट सोडते. कंपनीनं इन्कार केला. खटला अजून चालूच आहे. पण आम्हाला पत्र आलं, की सगळ्या गाड्यांचं सॉफ्टवेअर मोफत बदलून द्या.

फोरमननी पत्र उभ्यानंच वाचलं. "म्हणजे पाहुणे आले की पोरं शहाण्यासारखी बसतात, तसं?"

"तसंच म्हणतात," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी एक गाडी मालानं भरायला लावली आणि स्वतः रुमाल घेऊन मागचा फाळका पाडून बसले. चांदवडच्या घाटापर्यंत गेले. परत आले तेव्हा केसांत धूळ आणि हातात रुमाल, पांढराच. मी म्हटलं, "बघा, उगाच जिवाला घोर." पण सॉफ्टवेअर बदलायला आलेला इंजिनियर म्हणाला, "काका, तो वायू रुमालावर उमटत नाही. रुमालात फक्त काजळी दिसते."

"मग मी इतकी वर्षं काय बघत होतो?"

इंजिनियर लॅपटॉपमध्ये डोकं घालून बसला.

आठवड्यानं फोरमननी माझ्याकडं त्या मॉडेलच्या गिऱ्हाइकांची यादी मागितली. "सांगून यायला पाहिजे. शब्द माझा होता." मी वाद घातला. कंपनीला पडली नाही, तुम्हाला कशाला? पण यादी काढून दिली. दर रविवारी मोटारसायकलवर निघायचे. विंचूर झालं, पिंपळगाव झालं. लोक चहा पाजायचे, म्हणायचे, "फोरमन, माल ओढती ना गाडी? मग झालं." कुणी रागवायला तयार नव्हतं. सोमवारी ते आणखीच वाकलेले दिसायचे.

ताराबाईंचं घर त्यांनी शेवटी ठेवलं होतं. मी त्याच बाजूला राहते, म्हणून स्कूटरवरून घेऊन गेले. ओसरीत नात सुनेच्या मांडीवर होती, नाकातोंडावर वाफेच्या मशीनचा मास्क. वर्षभर दम लागत होता तिला. फोरमन दारातच थांबले. मग जे सांगायचं ते सगळं सांगितलं, एक शब्द गाळला नाही.

"त्याच्यानंच झालं का हे?" ताराबाईंनी विचारलं.

"नाही सांगता येत."

"डाक्टर बी तेच म्हणतो. धुरानं आसंल, थंडीनं आसंल, जन्माचंच आसंल." त्या उठून उभ्या राहिल्या. "तुमच्या जिभेला हाड नव्हतं भाऊ, आन् मी माझं लेकरू बांधलं. परत या दारात तोंड दाखवू नका."

फोरमननी हात जोडले. मी ताराबाईंना चार शब्द सुनावणार होते, पण फोरमननी माझा दंड धरून मला बाहेर नेलं. परतताना मागं बसून म्हणाले, "एकीनं तरी ऐकून घेतलं माझं." मला रडू आवरेना. स्कूटर बाजूला घेऊन उभी राहिले, आणि तेच मला समजावत बसले.

त्यानंतर त्यांनी रुमाल धरला नाही. कुणी विचारलंच, "रुमाल काय म्हणतो?" तर म्हणायचे, "मशीनला विचारा." मुदतीआधी निवृत्ती घेतली. चार महिन्यांनी, दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. हृदयाचा झटका, असं डॉक्टर म्हणाले. कशानं आला, ते कुणी सांगू शकलं नाही. मी काउंटरवर बसून, गिऱ्हाइकांसमोर, मोठ्यानं रडले. लाजबीज काही वाटली नाही.

मागच्या महिन्यात ताराबाई आल्या. गाडी सर्व्हिसिंगला होती, नात हात धरून चालत होती. जरा बाळसं धरलं होतं पोरीनं. "फोरमनभाऊ दिसत नायत," त्या म्हणाल्या.

"काय काम होतं?" माझा आवाज कोरडाच होता.

"त्या दिवशी तोंडाला यील ते बोलले. त्यांनी काय जाणून केलं नव्हतं. तेबी शब्द मागं घ्यायलाच आलते ना? मग मीबी माझा घ्यावा म्हटलं."

मी सांगितलं. त्या बाकावर बसल्या. नातीला जवळ ओढून म्हणाल्या, "कोणी कळवलं बी नाय."

त्यांचा नंबर माझ्या कॉम्प्युटरमध्ये होता. कळवलं नव्हतं ते रागानं. मी तसं सांगून टाकलं, आणि त्यांनी मान हलवली.

पोरीला शिंका आल्या, नाक वाहू लागलं. मी ड्रॉवर उघडला. फोरमनचा एक रुमाल राहिला होता, बायकोच्या इस्त्रीची घडी अजून तशीच. तो ताराबाईंना दिला. त्यांनी नातीचं नाक पुसलं. मग रुमाल उलगडून उजेडाकडे धरला आणि बघत राहिल्या.