मामाचा केशरी मासा

खारट वास म्हटल्यावर तुम्हाला सुकट आठवली असंल, पण मला मामाच्या काचेच्या टाकीतला केशरी मासा आठवतोय, तोबी जित्ता. मामा गडहिंग्लजला गेलता आणि पाणी तपासायचं किट संपलंतं, म्हणून मी नवीन आणाय गेलतो. दुकानदारानं विचारलं, "पावणं, गोड्या पाण्याचं देऊ का खाऱ्या?" टाकीत पाणी आमच्या नळाचंच की! मी ऐटीत म्हटलं, "गोड्या." घरी नळीत थेंब टाकले तर पाणी हिरवंगार, आणि तक्त्यावर त्या रंगापुढं 'विषारी' लिवलेलं. मासा नुसता तोंड उघडझाप करत हुता. वाटलं, गेला ह्यो. विष पातळ कराय नळाच्या पाण्याची बादली टाकीत वतणार, तेवढ्यात परत आलेला मामा किटचा डबा बघून दारातनंच वरडला. तो आवाज मी अजून काढून दावतो: "थांब, मारशील त्याला! मासा बरा हाय, किट चुकीचं हाय! नळाच्या पाण्यात मीठ मी मिसळतो रं, तुझ्या टाळक्यात अक्कल कोण मिसळणार?"