बाबूभाईंच्या रक्ताचा तपास

गडचिरोलीकडच्या वडसा गावातल्या नाटक मंडळ्यांना माईक आणि लाइट पुरवणारे बाबूभाई कुरळ्या केसांचे, रुंद नाकाचे. राक्षसाच्या कामाला माणूस कमी पडला की मंडळीवाले हसत त्यांच्याकडे बघायचे. शाळेपासून त्यांना 'हबशी' हाक पडलेली. वडील मात्र सांगायचे, "आपण अरब. घोड्याचे व्यापारी." मोठी बहीण आबिदाही तेच सांगायची. बाबूभाईंना ते कधी पटलं नाही. कोणत्या गावचे अरब, असं विचारलं की वडील उठून जायचे.

२००६ साली हैदराबादहून माधवी नावाच्या संशोधक बाई आल्या. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांचे वंशज त्या शोधत होत्या. बाबूभाईंचे आजोबा हैदराबादहूनच सिरोंच्यामार्गे इकडे आले होते. बाबूभाईंचा पत्ता त्यांना तिथल्या चुलतभावानं, अकरमनं दिला. बापाकडून मुलाकडे आणि आईकडून लेकरांकडे काय उतरतं ते रक्तात वाचता येतं, असं बाईंनी समजावलं. नमुना द्यायचा की नाही, ते तुमच्या मर्जीवर, म्हणाल्या.

"गुलाम? आपल्या घरात?" आबिदा भडकली. "रुखसारचं सावलीले जमून राह्यलं, आन तू हे उकरून राह्यला?"

रुखसार ही बाबूभाईंची मुलगी; सावली गावातल्या एका घरी तिचं लग्न ठरत होतं. त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि बाही वर केली.

त्यानंतर त्यांचं कशातच मन लागेना. प्रयोग रंगात असताना माईक खरखरला तरी लक्ष नसायचं. दर थोड्या दिवसांनी एसटीडी बूथवरून हैदराबादला फोन, "झालं का बाई?" बूथवाला कंटाळला, ते कंटाळले नाहीत.

पुढच्या हिवाळ्यात माधवीबाई स्वतः आल्या.

"तुमच्या बापाकडचे पूर्वज पूर्व आफ्रिकेतले. आईकडचे इथलेच, या मुलखातले."

"गाव कोन्तं?"

"ते रक्तावरून नाही कळत, बाबूभाई. फार मोठा मुलूख आहे तो."

"आन त्याईले इकलं कोनं?"

"तेही नाही कळत."

मूळ कळलं की जिवाला थारा मिळेल असं त्यांना वाटलं होतं. उलट आता बसल्या जागी पाय हलायचे. सावलीच्या पाहुण्यांना हे आधीच सांगायचं, असं त्यांनी ठरवलं. आबिदानं दार अडवलं. रुखसार म्हणाली, "फुफी, जाऊ दे. मी बी चालते."

मुलाच्या वडिलांनी सगळं ऐकून घेतलं. चहा निवून गेला. "आमाले काई नाई," ते म्हणाले, "पन लोकाईत बोलू नका."

"उद्या माह्या लेकराले कोनी इचारलं, त मी काय सांगू?" रुखसारनं विचारलं.

महिन्याभरात लग्न मोडल्याचा निरोप आला. आबिदानं भावाशी बोलणं टाकलं. ती बाजारात दिसली की बाबूभाई थांबायचे. ती पुढे निघून जायची. मुलीचं आपण वाटोळं केलं का, हा प्रश्न त्यांना जेवू देत नव्हता. रुखसार गडचिरोलीच्या दवाखान्यात नोकरीला लागली. तिथल्याच औषधवाल्या कैफला तिनं पहिल्या भेटीतच सगळं सांगितलं, आणि तो दुसऱ्या भेटीलाही आला. त्यांचा निकाह झाला.

निकाहनंतर आबिदा भावाच्या माईक-लाइटच्या दुकानात येऊन बसली. पडलेली एक वायर गुंडाळू लागली. मग म्हणाली, "आपल्या त्या लोकाईले जहाजात घातलं, तवा ते केवढे असतीन रे? लहान असतीन का?"

"मले नाई मालूम, आपा."

ईद झाल्यावर दोघं बहीणभाऊ बल्लारशाहून गाडी धरून हैदराबादला गेले. अकरमच्या वस्तीतल्या म्हाताऱ्यांनी ढोलावर आफ्रिकेतून आलेल्या पूर्वजांचं एक जुनं गाणं म्हटलं. त्यातले काही शब्द म्हणणाऱ्यांनाही कळत नव्हते. बाबूभाईंनी ते टेपवर भरून घेतलं.

आता दुकानात सोल्डरिंग करता करता ते टेप लावतात. मध्येच बंद करतात, मागे घेतात, परत ऐकतात. एखादा शब्द गावाचं नाव असेल, असं त्यांना वाटत राहतं.