कितीपट बाई आणि गोगलगायींची रेघ

आमच्या साखऱ्याच्या शाळेतल्या गणिताच्या बाई कशाच्याही वाढीला 'किती' असं विचारत नसत. 'कितीपट' असं विचारत. शिपायाला ताप चढला तेव्हाही त्यांनी हेच विचारलं. दुप्पट चढला असता तर मी रजा मागायला उरलो असतो का, असं शिपाई म्हणाला. पोरांनी त्यांचं नाव कितीपट बाई ठेवलं. बाईंना ते ठाऊक होतं आणि आवडतही होतं. जवळच्याच तांड्यावर वाढलेल्या, बोलायला सडेतोड. मी तिथं मराठी शिकवायचो आणि गरज पडली की त्यांची शिडी धरायचो.

शिडीची गरज गोगलगायींमुळे पडली. त्या वर्षी सोयाबीन दोन पानांवर आलं आणि शिवारात गोगलगायी निघाल्या. शाळेमागच्या पट्टीतल्या गोगलगायी नववीची मुलं रोज वेचून मोजत, आणि बाई चुन्याच्या भिंतीवर गेरूनं आलेख काढत. दहा गोगलगायींना एक बोट उंची. सुरुवातीला रेघ गुडघ्याशी होती. पण आकडा आठवड्याला तिपटीनं वाढत होता, त्यामुळे ती खिडकी ओलांडून पत्र्याला टेकली. बाईंनी पत्र्यावर बांबू उभा केला. तोही पुरेना, तेव्हा दुसरा जोडून पाण्याच्या टाकीला बांधला. पुढच्या आठवड्याला कुठे बांधणार, असं हेडमास्तरांनी हताशपणे विचारलं.

बाईंनी मापच बदललं. जमिनीला एक गोगलगाय, आणि दर हाताला दहापट: पहिल्या हातावर दहा, दुसऱ्यावर शंभर, तिसऱ्यावर हजार. आता सगळा आलेख खिडकीपर्यंतच्या साडेतीन हातांत मावला आणि रेघ पट्टीनं आखल्यासारखी तिरपी, सरळ आली. सरळ आहे म्हणजेच दर आठवड्याची पट तीच आहे, असं त्यांनी मला समजावलं. मला समजलं, असं मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सरपंच आले. त्यांनी टाकीकडे पाहिलं, मग खिडकीकडे.

"परवा टाकीवर व्हत्या, आज खिडकीत आल्या," ते म्हणाले. "उतरून राहिल्या की."

त्यांनी भिंतीपुढे नारळ फोडला आणि बाईंच्या अंगावर शाल घातली. गावानं गोगलगायी वेचणं थांबवलं. त्यातच शंखाला लागणाऱ्या चुन्यासाठी भिंतीवर चढलेल्या गोगलगायींनी रेघेचं टोक चाटून नेलं, तर आणखी उतरल्या म्हणून पारावर पेढे वाटले गेले.

बाई पेढा न खाता घरी गेल्या. सकाळी त्यांनी सरपंचांना बोलावून भिंतीशी उभं केलं. जमिनीवर त्यांनी एक गोगलगाय ठेवली. पहिल्या खुणेखाली ओंजळभर, दुसरीखाली बादली, तिसरीखाली पोतं. चौथ्या खुणेखाली गावातल्याच एकाची रिकामी ट्रॉली आणून लावली होती.

"ही आठवड्यात भरती," बाई म्हणाल्या. "आता पाचव्या खुणेला हात लावा."

सरपंचांनी हात उचलला, ट्रॉलीकडे पाहिलं आणि हात हळूच खिशात घातला. "ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. "तुमची शाल तेवढी परत न्हाई मागत."

दुपारपासून सगळं गाव शिवारात उतरलं. ओली पोती बांधावर अंथरायची, सकाळी त्यांखाली जमलेल्या गोगलगायी मिठाच्या पाण्यात बुडवायच्या. निम्मं सोयाबीन गेलं, निम्मं राहिलं. राहिलेलं बाईंचं, असं बायका म्हणायच्या.

पुढे बाईंची बदली नांदेडकडे झाली. मी त्यांना वारंगा फाट्यापर्यंत सोडायला गेलो. मुलींनी त्यांना तुळशीचं रोप दिलं होतं. बसची वाट पाहताना बाईंनी पान उलटलं, तर मागे एक गोगलगाय. बाईंचा चेहरा पडला. नवीन गावी नेणं शक्य नव्हतं, फाट्यावर सोडणं त्याहून नाही. मी हॉटेलातून चिमूटभर मीठ आणलं. बाई बराच वेळ ते हातात धरून उभ्या राहिल्या. ट्रॉलीभर मारणाऱ्या बाईंना ती एक मारवेना.

"एकच तर आहे," मी म्हणालो.

"माझ्या आलेखात एक जमिनीवरच दिसते, सर. म्हणून काही नाहीच असं समजू नका." आणि त्यांनी ती माझ्या जेवणाच्या रिकाम्या डब्यात ठेवली. "तुमीच बघा हिचं काय ते."

बस आली, बाई गेल्या. मी साखऱ्याच्या जीपमध्ये डबा मांडीवर घट्ट धरून बसलो होतो. शेजारच्यानं डब्यात काय आहे म्हणून विचारलं. खरं सांगायची माझी हिंमत झाली नाही.