गुणाबाईचा कोंड्याचा भात

आमची गुणाबाई गेली, तवापासून घरात करमत नाई. ब्रह्मपुरीकडच्या आमच्या गावात तिच्या हातचा तांदूळ सगळ्याइत पांढरा. एकडाव कांडून टरफल निघालं तरी ती अजून दोनडाव सडे, कोंडा म्हशीले टाके. पाव्हण्यापुढं ताट ठेवलं का मान कशी वर होये तिची!

सत्तावन सालची गोष्ट. सून भागीरथा पाचव्या महिन्यात होती. ओठ पांढरेफट, उंबरठा चढली का धापा टाके. पयलं लेकरू असंच अर्ध्यात गेलं होतं. दवाखान्यातली नर्सबाई म्हणे, "रक्त नाई इच्यात. लोह कमी आहे." गोळ्या देल्या.

लोह म्हंजे लोखंड, एवढं गुणाबाईले समजलं. वावरात धान लोंबीवर आलं होतं, दाण्यात दूध भरून राह्यलं होतं. तिनं लोहाराकडून जुने फाळ, तुटके विळे आणले न बांधीच्या चिखलात धानाच्या बुडाशी रोवत सुटली.

नवरा लटारू पारीवर, बांधावर, उभा राहून हासे. "अवं, फाळाचं झाड येईन का?"

"हासा तुमी. दूध भरते तवाच जाईन दाण्यात."

तेवढ्यात ग्रामसेवक गुणवंतराव सायकल ढकलत आले. ते नाई हासले. बांधीच्या पाण्यावर तांबूस साय होती, ती दाखवली. "बाई, लोखंड तुमच्या मातीतच लई आहे. मुळं ओढते, पानात ठेवते, न दाणा भरू लागला का दुधासंगं वर धाडते. तुमचा हिशोब बरोबर, फाळ फुकट."

"मंग सुनेच्या अंगी काऊन नाई लागत?"

"दाण्यात ते जास्त करून वरच्या सालीत न कोंबात बसते. ते तुमी सडून काढता."

"अगं माय! म्हंजे माझी म्हैस खाते?"

"म्हशीकडं पाहा ना," लटारू म्हणे, "कशी झाली हत्तीवानी!"

गुणवंतराव जाता जाता म्हणाले, "पण एकट्या भातानं नाई भागत. गोळ्या सोडू नका, तरोट्याची पालेभाजी द्या."

त्या दिवसापासून भागीरथाचा तांदूळ एकडावच कांडला. सातव्या महिन्यात तिची माय वच्छला चोळी घेऊन पोंभुर्ण्याहून आली. ताटातला तांबूस भात पाहून म्हणे, "ईनबाई, तुमच्या पांढऱ्या भाताचं एवढं नाव, न माझ्या लेकीले हा गडीमाणसाचा भात?"

गुणाबाईचे कान तापले. मुसळ हाताशीच होतं. पण ती म्हणे, "तुमच्यासाठी सडते पाहिजे तं. भागीरथाले हाच."

वच्छला तोंड फिरवून बसली. भागीरथानं ताट पुढं करून अजून भात मागून घेतला.

माघात पोरगी झाली, अशी रडली का शेजारची म्हातारी उठून आली. गुणाबाईनं आधी सुनेचे ओठ पाह्यले, मंग नातीचे. बारशाले वच्छला आली, तवा गुणाबाईनं तिले कोणता भात म्हणून इचारलंच नाई. सगळ्याइले एकाच भांड्यातला तांबूस भात वाढला, न मान तशीच वर.