आठ पट्ट्या मोजायच्या राहिल्या

कोंब जेली, म्हणजे जेलीफिशसारखाच दिसणारा एक समुद्री जीव (इंग्रजीत 'कोंब' म्हणजे फणी), ओळखायची खूण मला डायव्हिंग शिकवणाऱ्याने दिली होती. पारदर्शक अंगावर आठ पट्ट्या, फणीच्या दातांसारख्या बारीक केसांच्या, उन्हात सप्तरंगी चमकणाऱ्या. जेलीफिश छत्रीसारखी उघडमीट करत पोहते. ही नुसती सरकत जाते आणि डंख मारत नाही.

दुबईत होतो त्या वर्षांत सुट्टीच्या शुक्रवारी आम्ही तिथल्या अल मनखूल भागातल्या घरून गाडीने खोरफक्कानच्या किनाऱ्यावर जायचो. जानेवारीतलं तिथलं पाणी आम्हा दुबईकरांना चांगलंच गार लागायचं. मी खोल डाइव्ह करून यायचो आणि मग दहा वर्षांच्या लेकीला मास्क लावून काठालगत फिरवायचो. बायको थर्मास घेऊन वाळूत बसायची.

एकदा मला काचेसारखं काहीतरी चमकताना दिसलं. ते उघडमीट करत होतं, हेही दिसलं. पण लेकीला कोंब जेली दाखवायची इतकी घाई झाली होती, की मी पट्ट्या मोजल्याच नाहीत.

"हात लाव. ही चावत नाही," मी म्हणालो.

"आर यू शुअर, बाबा?"

"हंड्रेड पर्सेंट. अगं, आपण मालवणचे. समुद्र आपल्याला नवा आहे का?"

मी डायव्हिंगचे हातमोजे घातले होते. तिचा हात उघडा होता.

मनगटावर लाल वळ उठले. ती रडली नाही. "यू सेड शुअर," एवढंच म्हणाली. बायकोने वळांवर व्हिनेगर ओतलं आणि विचारलं, "अहो, आधी स्वतः हात लावून बघायला काय झालं होतं?" मला फार लाज वाटली.

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. पुढे वर्षभर मी काहीही सांगितलं, अगदी उद्या शाळेला सुट्टी आहे म्हटलं तरी, लेक स्वयंपाकघरात जाऊन आईला विचारून यायची, "इज दॅट ट्रू?" मी हसण्यावारी न्यायचो, पण आत कुठेतरी लागायचं.

पुढच्या हिवाळ्यात ती स्वतःहून पाण्यात उतरली. थोड्या वेळाने तिने मला थांबवलं आणि काचेसारख्या चमकत सरकणाऱ्या एका जेलीकडे बोट दाखवलं. ती स्वतः बराच वेळ निरखत राहिली, मग बोटांनी आठचा आकडा दाखवला. मी हातमोजा काढून हात पुढे केला, तर तिने माझं मनगट घट्ट धरलं. दुसऱ्या हाताचं बोट तिने हळूच जेलीला टेकवलं. थांबली. आणि मग माझा हात सोडला.