दांड्याचा कॅमेरा

शिलाई मशिनला तेल घातलं, की त्या वासानं सोलापुरातलं फोटोवाल्याचं दुकान आठवतं. आम्ही शाळेतली पोरं छोटा सिनेमा काढणार होतो आणि नायक मी होतो. तिथं भाड्यानं द्यायला, असंच तेल घातलेले दोन कॅमेरे होते, एक चावी दिली की आपोआप चालणारा, दुसरा हातानं दांडा फिरवायचा. मी चावीच्यासाठी अडून बसलो. तेवढ्यात एका वर्गमित्रानं आरती गुणगुणत तिच्या ठेक्यावर दांडा असा एकसारखा फिरवला, की दुकानदार म्हणाला, "हात लई चांगला हाय की तुजा!" झालं, दांड्याचाच ठरला. शूटिंगच्या दिवशी तळ्याकाठी गर्दी जमली ती त्याच्याभोवती. तोंड रंगवून उभ्या असलेल्या मला बघतंय कोण? माझ्या पोटात दुखायला लागलं. ती फीत अजून माझ्याकडं आहे. तो त्यात कुठंच दिसत नाही. मी मात्र प्रत्येक प्रसंगात नायिकेला सोडून त्याच्याकडंच बघतोय.