कॉर्नरच्या झेंड्यामागची जागा

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी जयसिंगपुरात कॉलेजच्या मैदानावर पोरींच्या नावानं ओरडत होते. खो-खोच्या स्पर्धा तोंडावर आलेल्या आणि आमच्या पोरींचे पाय काही उचलत नव्हते. पलीकडून भाचा महेश एवढंच म्हणाला, "आत्त्या, बाबा गेले. दुपारी जेवून आडवे झालते, ते उठलेच न्हाईत." शिट्टी माझ्या तोंडातच होती, ती काढायचंसुद्धा सुचेना. मी आता वाजवणार असं वाटून पोरी जागच्या जागी थांबल्या आणि माझ्याकडे बघत राहिल्या.

कोल्हापुरात पोचले तेव्हा गल्ली माणसांनी भरली होती. दारासमोर दादाला ठेवलेलं आणि त्याच्या अंगावर ती शाल. मरून रंगाची, जरीच्या काठाची. तालमीतल्या कुणा वडीलधाऱ्यानं सांगितलं म्हणे, "वहिनी, सत्काराची शाल काढा. मान हाय त्यो त्यांचा." वहिनीनं बिचारीनं ट्रंकेच्या तळातून ती काढून दिली. डांबरगोळ्यांचा वास अजून येत होता तिला. अख्ख्या वाटेत रडत आलेली मी, ती शाल बघितली आणि माझं रडणंच थांबलं. लाज वाटली... आधी त्याची, मग माझी. ज्या माणसानं सत्कारानंतर ती शाल एकदाही खांद्याला लागू दिली नव्हती, त्याला आता ती झटकता येत नव्हती. आणि का झटकायची हे त्या गर्दीत फक्त मला ठाऊक आहे, असं मला तेव्हा वाटत होतं.

दत्तूदादा माझा थोरला भाऊ. पाणीखात्यात नोकरी, आणि नोकरी संपली की फुटबॉल. तरुणपणी पेठेच्या तालमीच्या संघातून खेळला, गुडघा गेल्यावर परीक्षा देऊन रेफरी झाला. आमच्या गावात फुटबॉल म्हणजे काय हे बाहेरच्याला सांगून कळत नाही. इथं माणूस आधी पेठेचा असतो, मग घरचा. त्यामुळे आपल्या पेठेच्या सामन्याला आपल्या पेठेचा रेफरी नाही, हा ठरलेला शिरस्ता. दादाही तो पाळायचा. आमच्या पेठेची मॅच असली की भुईमुगाच्या शेंगांची पुडी घेऊन गुमान प्रेक्षकांत बसायचा.

नव्वदच्या दशकातली ती फायनल. आमची पेठ आणि शेजारची पेठ, म्हणजे सख्खे शेजारी, पक्के वैरी. रेफरी यायचे होते मलकापूरचे एक मास्तर, आणि त्यांची एसटी वाटेत बंद पडलेली. स्टेडियम तुडुंब, ऊन रणरणतंय, पोरं पत्रे बडवताहेत. शेवटी दोन्ही तालमींची माणसं शेंगा खात बसलेल्या दादापाशी आली. समोरच्या तालमीचे म्हातारे वस्ताद सगळ्यांच्या देखत म्हणाले, "दत्तू म्हणजे तराजूची तागडी हाय. आमची ना न्हाय." दादानं नको नको म्हटलं, पण ऐकतंय कोण! शिट्टी घेऊन मैदानात उतरताना तो मोठ्यानं म्हणाला, "आज मी कुठल्याबी पेठेचा न्हाय." त्याच एका वाक्यानं त्याचा घात केला, असं मला आता वाटतं.

त्या दिवशी आमच्याकडून खेळत होता अनिल. पेठेचा अन्या. बाप टेम्पो चालवायचा, पोरगं कॉलेजच्या संघाचं कॅप्टन, आणि पायात अशी जादू की समोरच्या पेठेची माणसंही शिव्या घालता घालता वाहवा करायची. मुंबईच्या एका मोठ्या कंपनीचे साहेब त्याला बघायला आले होते. त्या काळी आमच्याकडे व्यावसायिक खेळाडू म्हणजे हेच. कंपनीनं संघात घ्यायचं, नोकरी द्यायची, राहायला खोली द्यायची, आणि काम काय तर खेळायचं! अख्ख्या पेठेला माहीत होतं, आज पोरगं चमकलं की टेम्पोवाल्याच्या घराचं सोनं झालं.

दादानं पहिल्यापासून सगळं आमच्या विरुद्ध दिलं. ताकही फुंकून पिणारा माणूस तो. आम्ही एका गोलनं मागे होतो. शेवटी शेवटी अन्यानं तिघांना चकवून असा काही बॉल हाणला की तो आडव्या दांड्याच्या खालच्या अंगाला लागला, खाली गोलच्या रेषेपाशी आपटला आणि बाहेर उसळला. गोलकीपरनं तो पोटाशी धरला. लाइन्समन पार मागे राहिलेला. दादा मात्र जवळ होता. सगळं स्टेडियम त्याच्या तोंडाकडे बघत होतं. मी पलीकडच्या टोकाला बसलेले, मला काय दिसणार! मला दिसलं ते एवढंच की दादानं हात हलवून खेळ पुढे चालू ठेवला. अन्या धावत त्याच्या अंगावर गेला, काहीतरी ओरडला, आणि दादानं खिशातून लाल कार्ड काढलं.

आम्ही हरलो. साहेब लोक जाताना म्हणाले, पोरगं चांगलं आहे पण डोकं गरम आहे. आणि समोरच्या पेठेच्या एका पोराला घेऊन गेले.

आठवडाभर दादाच्या दारात आमचीच माणसं बोंब मारून जात होती. मग हळूहळू वारं फिरलं. गावात कौतुक व्हायला लागलं, तसं पेठेलाही वाटायला लागलं की हा आपलाच मोठेपणा. "आमच्या पेठेचा माणूस हाय, पर पेठेलाबी सोडलं न्हाय!" असं आमची पोरं छाती काढून सांगायला लागली. गोल होता की नव्हता यावर कट्ट्यावर वर्षानुवर्षं वाद झडले, पण दत्तूदादा निःपक्षपाती यावर मात्र कुणाचाच वाद नव्हता. दोन्ही तालमींनी मिळून चौकात मांडव घातला, फेटा बांधला, शाल पांघरली, नारळ दिला. दादाला बोलायला उभं केलं. माइकसमोर तो बराच वेळ नुसता उभा राहिला. मग म्हणाला, "मला जरा सांगायचं हुतं... असू दे." आणि खाली बसला. टाळ्यांचा कडकडाट झाला. विनय म्हणतात तो हाच, असं मी शेजारच्या बाईला कौतुकानं सांगितलं.

त्यानंतर दादानं शिट्टी सोडली. पुढं प्रत्येक मॅचला तो एकाच जागी उभा राहायचा, कॉर्नरच्या झेंड्यामागे, कुंपणाच्या जाळीला धरून. गॅलरीत सावलीची जागा मोकळी असली तरी नाही. "हितनं रेष सरळ दिसती," एवढंच म्हणायचा. पोरं त्याला हसायची. म्हाताऱ्याची खोड, दुसरं काय! मीसुद्धा हसले आहे.

मी तोवर कॉलेजात क्रीडा शिक्षिका झाले होते. आमची दोघांची भांडणं व्हायची ती तिथल्या संघावरूनच. आमच्या मुलांच्या संघात तिघं असे होते की ज्यांनी वर्गाचं तोंड पाहिलं नव्हतं. नावापुरता प्रवेश, कामापुरता खेळ. सगळीच कॉलेजं करायची, आम्हीही करायचो. दादा एकदा सामना बघायला आला आणि चारचौघांत म्हणाला, "सुनंदा, त्यो मिशावाला कुठल्या वर्गात हाय गं? पोराला शाळेला सोडून खेळाय आल्यागत वाटालाय." मी चिडले. पुढं पेठांच्या संघांनीही परदेशी खेळाडू आणले, त्यांच्या राहण्याजेवणाची सोय केली, आणि कट्ट्यावर नवा वाद सुरू झाला, हा पेठेचा खेळ राहिला की धंदा झाला? सगळे दादाला विचारायचे, तुमचं मत काय? तुम्ही सांगाल ते खरं. दादा म्हणायचा, "माझं काय इचारताय..." आणि उठून जायचा. मी मात्र पोरींना दर वर्षी त्याचंच उदाहरण द्यायचे. माझा भाऊ बघा, म्हणायचे, सख्ख्या पेठेला हरवलं पण शब्द राखला.

मग एका भाऊबीजेला ते झालं. मी ओवाळून तबक बाजूला ठेवलेलं, निरांजन अजून जळत होतं. टीव्हीवर परदेशातली कुठलीतरी मॅच चालली होती. एक बॉल रेषेवर पडला आणि ते पुन्हा पुन्हा दाखवायला लागले, इकडून, तिकडून, वरून. दादानं उठून टीव्ही बंद केला.

"ह्यांचं बरं हाय. धा बाजूंनी दावत्यात," तो म्हणाला. "मला एकाच बाजूनं दिसलं. पर दिसलं हुतं गं सुनंदा."

"काय दिसलं होतं?"

"अन्याचा गोल."

मला आधी कळेचना. मग कळलं. "मग शिट्टी का नाही मारलीस?"

"तोंडातच हुती. फुंकायची ऱ्हायली." मग म्हणाला, "मनात आलं, आता दिला तर म्हंत्याल, दत्तू शेवटी आपल्या पेठेकडंच फिरला. एवढंच आलं बघ मनात. तवर बॉल पुढं गेलता... आन् वर खरं बोलणाऱ्या पोरालाच लाल कार्ड दावलं मी."

खोटं कशाला सांगू? मला त्याची कीव आली नाही. लाज वाटली. नुकतंच ज्याला ओवाळलं त्या भावाच्या तोंडाकडे बघवेना. इतकी वर्षं ज्याच्या नावावर मी ताठ मानेनं फिरले तो भित्रा निघाला होता. आणि चोर अंधारात चोरी करतो, यानं भर उन्हात, सगळ्या गावासमोर, न्यायाच्या नावाखाली केली होती. आणि गावानं वर शाल पांघरली! मी फाडकन म्हणाले, "जा आणि सांग त्याला." तो म्हणाला, "जातो की."

आणि जायचा. दर दिवाळीला वहिनीकडून फराळाचा डबा भरून घ्यायचा आणि दोन गल्ल्या ओलांडून अन्याच्या घरी जायचा. अन्या तोवर शाळेची रिक्षा चालवत होता आणि सकाळी पेठेतल्या पोरांना फुटबॉल शिकवत होता. दादा तिथं चहा प्यायचा, पोराबाळांची चौकशी करायचा आणि परत यायचा. मी विचारायचे, "सांगितलंस?" एकदा म्हणाला, घरात पावणं हुतं. एकदा म्हणाला, अन्याच्या पोराला ताप हुता. पुढं पुढं मी विचारायचं सोडलं. पोरींना ते उदाहरण देणंही सोडलं. एखादीनं "मॅडम, तुमच्या भावाचं सांगा ना" म्हटलं की मी तिला मैदानाला चक्कर मारायला पिटाळायचे.

दादाचे दिवस झाल्यावर तालमीत श्रद्धांजलीची सभा झाली. जो तो उठला तो त्या फायनलवरच बोलला. असा न्यायी माणूस पुन्हा होणे नाही. मी पहिल्या रांगेत, मान खाली घालून. लोकांना वाटलं, बहिणीला हुंदका आवरत नाही. अन्या पार मागे दाराशी उभा होता. कुणीतरी त्याला पुढं ढकललं, आता तू बोल म्हणून. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो म्हणाला, "दादा दिवाळीला आमच्या घरी यायचे..." एवढंच. परत दाराशी जाऊन उभा राहिला. पुन्हा टाळ्या.

गेल्या आठवड्यात मी मुद्दाम मॅचला गेले. गॅलरीत न बसता थेट कॉर्नरच्या झेंड्यामागे गेले. जाळीच्या दांड्याचा हिरवा रंग एका ठिकाणी पार गेला आहे, हात धरून धरून. मी तिथंच हात ठेवला. थोड्या वेळानं शेजारी कुणी येऊन उभं राहिलं, बघितलं तर अन्या. केस पिकलेत आता त्याचे.

मी म्हटलं, "अनिल, एक सांगायचं आहे. दादाच्या वतीनं."

"गोलचं व्हय?" तो मैदानाकडे बघतच म्हणाला. "मला त्याच दिवशी कळलंतं, ताई. त्यांच्या डोळ्यात बघिटलं हुतं मी."

तो बोलत राहिला. "दर दिवाळीला यायचे. च्या पिता पिता कप खाली ठिवायचे, तोंड उघडायचे... आन् मी लगीच पोराला हाक मारायचो, न्हाईतर टीव्हीचा आवाज मोठा करायचो. बोलूच दिलं न्हाय त्यास्नी. वाटायचं, सांगून मोकळा हुईल ह्यो माणूस. मला मोकळा करायचा न्हवता." त्यानं नाक पुसलं. "डबा मातर ठिवून घ्यायचो. चकल्या लई चांगल्या असायच्या वहिनींच्या."

मी विचारलं, हे सगळं पेपरात लिहिलं तर चालेल का. गावानं पांघरलेली शाल दादाबरोबर जळून गेली, पण टाळ्या अजून चालू आहेत, त्या मला ऐकवत नाहीत. समोर आमच्या पेठेचा फॉरवर्ड बॉल घेऊन निघालेला, गॅलरी उठून उभी राहिलेली.

"लिवा की," तो म्हणाला. "पर सगळं लिवा. गोल हुता ह्ये लिवा. आन् लाल कार्ड बरोबर हुतं ह्येबी लिवा. मी आईवरनं शिवी दिलती त्यास्नी." मग पहिल्यांदाच माझ्याकडे वळून म्हणाला, "त्येवढं तरी त्यास्नी सांगाय पायजे हुतं ओ मी. धा वेळा घरात आलता माणूस."

मी दादाच्या जागेवरून थोडी सरकले आणि त्याला जाळीपाशी जागा करून दिली. मॅच संपेपर्यंत आम्ही दोघं तिथंच उभे होतो. तिथनं गोलची रेष खरंच अगदी सरळ दिसते.